शिक्का, मोर्तब आणि संग्राहक

कलचुरी राजांच्या ताम्रपटांना एक कडी असे. पत्र्यांना भोक पाडून ती त्यांतून ओवत आणि तिच्या सांध्यावर राजाची मुद्रा बसवत. कडी तोडल्याशिवाय एकही पत्रा काढता किंवा नवा घुसवता येऊ नये, यासाठी ही तजवीज होती. कर्णदेवाच्या १०४२ मधील बनारस ताम्रपटाच्या मुद्रेवर गजलक्ष्मी आहे, राजाचे नाव आहे आणि नंदी आहे. ही मुद्रा ज्या राजधानीची, ती त्रिपुरी म्हणजे जबलपूरपासून भेडाघाटकडे जाताना लागणारे तेवर हे गाव. तेथे १९५२ मध्ये मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. कलचुरींचे कोरीव लेख वासुदेव विष्णु मिराशी यांनी नागपुरात बसून वाचले आणि १९५५ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केले. त्रिपुरीचा इतिहास उलगडण्यात मराठी विद्वानांचा वाटा असा मोठा आहे.

ताम्रपटाची मुद्रा आणि मराठी कागदावरचा शिक्का यांच्यामध्ये पाच-सहा शतकांचे अंतर आहे, पण दोन्हींचे काम एकच. लिहिलेले खरे कोणाचे आणि ते कोठे संपते, हे सांगणे. विदर्भातील वाकाटकांच्या मुद्रांवर तर अनुष्टुभ छंदातले संस्कृत श्लोक कोरलेले सापडतात. प्रभावतीगुप्ताच्या पुणे ताम्रपटाची मुद्रा त्यांपैकीच. राजाची मुद्रा श्लोकबद्ध असावी ही कल्पना सतराव्या शतकात नव्याने जन्मली नाही, एवढे यावरून दिसते. मात्र परंपरा अखंड चालत आली असे म्हणणे धाडसाचे होईल. यादवांनंतर दख्खनच्या दरबारांत फारसी रुळली आणि शिक्केही फारसी झाले. शहाजीराजे आणि जिजाबाई यांचे शिक्के फारसी होते. काझीचा शिक्का तर मराठी राज्यातही फारसीच राहिला.

या पार्श्वभूमीवर शिवाजी महाराजांची मुद्रा पाहिली म्हणजे तिचे वेगळेपण कळते. ती अष्टकोनी आहे, संस्कृत आहे आणि श्लोकबद्ध आहे. प्रतिपदेच्या चंद्रकलेप्रमाणे वाढणारी, जगाला वंद्य आणि लोककल्याणासाठी असलेली शाहपुत्र शिवाची मुद्रा, असा तिचा आशय. रांझे गावच्या पाटलाला दिलेल्या शिक्षेसंबंधीच्या २८ जानेवारी १६४६ च्या पत्रावर ती उमटलेली आहे. तेव्हा महाराजांचे वय सोळाच्या आसपास होते आणि राज्याभिषेकाला अजून अठ्ठावीस वर्षे होती. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश पुढच्या काळातला. म्हणजे राज्यकारभाराची भाषा बदलण्याआधी कितीतरी वर्षे मुद्रेची भाषा बदलली होती. 

मराठी कागदावर दोन छाप असत. एक मजकुराच्या माथ्याशी, तो शिक्का. दुसरा शेवटी, ते मोर्तब. शिक्क्यावर राजाचे किंवा अधिकाऱ्याचे नाव, तर मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ किंवा पेशव्यांच्या काळात ‘लेखनसीमा’ असा मजकूर. शेवटच्या ओळीला चिकटून मोर्तब उमटले की त्याखाली कोणी आणखी एक ओळ घुसडण्याची सोय उरत नसे. कागदाचे अरुंद बंद एकाखाली एक चिकटवून लांब पत्र तयार करत. एखादा बंद बदलला जाऊ नये म्हणून मागच्या बाजूस सांध्यावरही छाप मारत. ताम्रपटाची कडी जे काम करी तेच हा सांध्यावरचा छाप करी. राजा पत्रावर सही करत नसे. शिक्का हीच सही होती. दफ्तरातून कागद पुढे सरकताना ‘रुजू’, ‘बार’, ‘मोर्तब सूद’ असे शेरे पडत, आणि त्यांवरून तो कोणाकोणाच्या हातांखालून गेला हे आजही सांगता येते.

मजकूर मोडीत, शिक्का देवनागरीत, अशी ही जोडी. धातूवर अक्षरे उलटी कोरायची, ती इतक्या खोल की शाई भरल्यावरही कडा स्पष्ट उठाव्यात, हे काम सोपे नव्हते. शिक्क्यांच्या घाटांत वैविध्य आहे. शिवाजी महाराजांचा अष्टकोन, संभाजी महाराजांच्या मुद्रेचा पिंपळपानासारखा आकार, पुढे गोल आणि चौकोनी शिक्के. मजकुरात मात्र एक शिस्त होती आणि ती राज्याची घडण सांगते. अष्टप्रधानांच्या शिक्क्यांवर आधी राजाचे नाव येई, मग स्वतःचे. मोरोपंत पिंगळ्यांच्या शिक्क्यावर ‘शिवनरपती हर्षनिदान’ या शब्दांनंतर त्यांचे नाव आणि ‘मुख्य प्रधान’ हे पद येते. प्रतिनिधींच्या शिक्क्यावर राजा कृपानिधी आणि धनी प्रतिनिधी, असे यमकच जुळवलेले होते. कान्होजी आंग्र्यांनी आपल्या श्लोकबद्ध मुद्रेत शाहू राजांच्या प्रीतीचा उल्लेख आधी केला आणि सरखेल पदाचा नंतर. अरबी समुद्रावर इंग्रजांना आणि पोर्तुगिजांना जेरीस आणणारा हा माणूस शिक्क्यावर मात्र सातारच्या गादीचा सेवक होता.

पेशव्यांच्या बाबतीत हे अधिक ठळकपणे दिसते. बाजीराव बल्लाळ दिल्लीच्या वेशीपर्यंत गेला, नानासाहेबाच्या काळात फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या, सवाई माधवरावाच्या वेळी छत्रपती साताऱ्याच्या किल्ल्यात जवळजवळ नजरकैदेत होते. तरी शेवटच्या बाजीरावापर्यंत एकाही पेशव्याने शिक्क्यावरून छत्रपतींचे नाव काढले नाही. पेशवाई मिळणे म्हणजे साताऱ्याहून वस्त्रे आणि शिक्के-कट्यार मिळणे. नारायणरावाचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. त्याच्या मुलाचा, सवाई माधवरावाचा, जन्म १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर झाला आणि तो चाळीस दिवसांचा असताना त्याच्यासाठी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आणवण्यात आली. नाना फडणीस आणि सखारामबापू यांनी ही घाई केली ती उगाच नव्हे. पेशवाईवर हक्क सांगणाऱ्या रघुनाथरावाकडे तलवार होती, पण ज्याच्या नावाचा शिक्का चालेल त्याच्या हुकुमाला गावोगावचे कमाविसदार वसूल देणार होते.

शिक्का चालवण्यावरून भांडणे झाली तीही याच कारणाने. १७०७ मध्ये शाहूराजे मोगलांच्या कैदेतून परतले आणि मराठी राज्यात दोन गाद्या उभ्या राहिल्या. एकीकडे साताऱ्याचा शिक्का, दुसरीकडे ताराबाईंच्या बाजूचा. शाहूराजांच्या एका मुद्रेत त्यांचे नाव ‘शिवराज’ असे आले आहे, कारण जन्मनाव शिवाजी हेच होते. ताराबाईंच्या मुलाचे नावही शिवाजीच. दोन्ही बाजूंना थोरल्या महाराजांच्या नावाचा वारसा हवा होता. वतनदार बिचारे काय करणार? ते दोन्हीकडून कागद करून घेत, आणि पुढच्या पिढीत हे दोन कागद एकमेकांविरुद्ध उभे राहत. १७३१ च्या वारणेच्या तहाने हद्द ठरली तेव्हा कोणत्या मुलखात कोणाचा शिक्का हा प्रश्नही मिटला.

गावपातळीवर शिक्क्याची जागा निशाणीने घेतली. गोतसभेत महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, झाला की हजर असलेल्यांनी त्यावर आपापली खूण करायची. पाटलाचा नांगर, कुळकर्ण्याची लेखणी, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा. पेठेतला शेटे तागडी काढी. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही ही खूण ओळखता येत असे आणि ती त्याच्या घराण्याची, किंबहुना त्याच्या वतनाची असे. नांगर कोणी आधी काढायचा, थोरल्या शाखेने की धाकट्या, यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत. पाटीलकीच्या मानपानाच्या यादीत शिराळशेठ आणि पोळ्याच्या बैलाइतकेच या निशाणीला महत्त्व होते. तागडीची खूण करणारा व्यापारी मराठी कागदांत पदोपदी भेटतो. शिक्के गोळा करणारा व्यापारी मात्र भेटत नाही.

चीनमध्ये तो भेटतो. वांग छीशू हा हुइझोऊ भागातल्या शेशियान परगण्याचा. जन्म १७२८ चा. त्याचे घराणे मिठाच्या व्यापारातले आणि वास्तव्य हांगझोऊ शहरात. मीठ हा सरकारी मक्त्याचा माल. त्याची वाहतूक आणि विक्री करण्याचे परवाने मोजक्या घराण्यांकडे असत आणि त्यांतून मिळणारा नफा अफाट होता. पण कन्फ्यूशियसच्या शिकवणीने घडलेल्या समाजात व्यापाऱ्याचे स्थान विद्वानाच्या, शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्याही खाली धरलेले. हुइझोऊच्या व्यापाऱ्यांनी त्यावर एक उपाय शोधला. ग्रंथ, चित्रे, जुनी भांडी यांचे संग्रह करायचे आणि विद्वानांना आपल्या वाड्यावर आणायचे. वांगने यातला एक कोपरा आपला केला. तो स्वतःला ‘शिक्क्यांचा वेडा’ म्हणवून घेई.

चीनमध्ये शिक्क्याचे जीवन दुहेरी होते. हान काळातले पितळी-काशाचे अधिकारपदाचे शिक्के जेमतेम बोटाच्या पेराएवढे, आणि त्यांचे काम आपल्याकडच्या शिक्क्याचेच. पण चौदाव्या शतकापासून मऊ दगडावर विद्वान स्वतः कोरू लागले. धातूचे कोरीवकाम कारागिराचे. छिंगत्येन किंवा शौशान इथल्या दगडावर मात्र कवीलाही सुरी चालवता येई. सोळाव्या शतकात वन फंगने ही कला प्रतिष्ठेला नेली. मग शिक्क्यावर नावाऐवजी एखादा आवडता शब्दसमूह, अभ्यासिकेचे नाव, मनाची अवस्था कोरली जाऊ लागली. चित्रकार आपल्या चित्रावर लाल शिक्का उठवी आणि ते चित्र विकत घेणारा त्याच्या शेजारी आपला. छ्येनलुंग बादशहाकडे असे हजाराहून अधिक शिक्के होते. त्यांतले राज्य चालवायला लागणारे थोडे, उरलेले हौसेचे.

हौस आली तसा बाजार आणि संग्रह आला. शांघायच्या गू त्सोंगदने १५७२ मध्ये दीडशेवर जेड आणि सुमारे सोळाशे पितळी शिक्क्यांचे ठसे प्रत्यक्ष कागदावर उठवून ग्रंथ केला. प्रती फक्त वीस. मागणी इतकी वाढली की तीनच वर्षांनी तो लाकडी ठशांवरून छापावा लागला. वांग छीशू या परंपरेतला. त्याने फेइहोंग थांग या आपल्या दालनाच्या नावाने जो ठसेग्रंथ काढला तो १७४५ ते १७७६ अशी तीन दशके चालला होता. त्यात पाच मालिका, चाळीस खंड आणि तीन हजारांहून अधिक शिक्क्यांचे ठसे आहेत. जुन्या पितळी शिक्क्यांचे ग्रंथ त्याने वेगळे काढले. आपल्या काळच्या शंभराहून अधिक शिक्केकारांची चरित्रेही त्याने लिहिली, आणि हे काम सर्वांत मोलाचे म्हणावे लागेल, कारण यांतल्या कित्येकांची नावे एरवी उरली नसती. हांगझोऊतला डिंग जिंग त्यातलाच. तो दारू विकून पोट भरी आणि पुढे शीलिंग परंपरेचा आद्य पुरुष ठरला.

वांगच्या वेडाची एक गोष्ट छ्येन योंग या समकालीन लेखकाने नोंदवली आहे. छ्येनकडे हान काळातला, यांग युन या नावाचा एक पितळी शिक्का होता. वांगने तो मागितला, छ्येन देईना. तेव्हा हा धनाढ्य व्यापारी जमिनीवर गुडघे टेकून बसला आणि उठेचना. शेवटी छ्येनने हसून शिक्का देऊन टाकला. याच वांगने १७७२ नंतर बादशहाच्या महाग्रंथसंग्रहासाठी आपल्या घरचे पाचशेहून अधिक ग्रंथ दिले आणि त्याबद्दल बादशहाकडून एका प्रचंड ज्ञानकोशाची प्रत मिळवली. त्याच्या मागे शिक्के विखुरले. ठसेग्रंथ राहिले, आणि पुढच्या पिढ्यांनी वांगचा संग्रह पाहिला तो त्या लाल ठशांतच.

असा माणूस पुण्यात, नागपुरात किंवा साताऱ्यात का झाला नाही, याचे उत्तर वर आलेच आहे. मराठी मुलखात शिक्का हौसेचा झालाच नाही. दुसऱ्याचा शिक्का जवळ बाळगणे ही कौतुकाची बाब नव्हती, संशयाची होती. राजा बदलला की शिक्का बदले, आणि जुना निरुपयोगी होई. कोरणाऱ्याचे नाव शिक्क्यावर येत नसे. चिनी शिक्केकार मात्र दगडाच्या कडेला आपले नाव आणि कधी कधी अख्खा मजकूर कोरी. सावकारांना कलेची जाण नव्हती असे नाही. त्यांना शिक्का हवा होता तो कागदावर उमटलेला, कारण तसा कागद तारण म्हणून घेता येई.

शिक्क्याच्या मागे सत्ता होती तोवर हे ठीक होते. १८१८ मध्ये पेशवाई गेली. त्रिपुरीजवळचे जबलपूर त्याआधीच, डिसेंबर १८१७ मध्ये, इंग्रजांनी घेतले होते. हा मुलूख १७८१ पासून सागरच्या मराठ्यांकडे आणि १७९८ पासून नागपूरकर भोसल्यांकडे होता. भोसल्यांचा ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब सातारच्या गादीने दिलेला, म्हणून नर्मदेच्या उत्तर काठावरही अधिकाराची साखळी सह्याद्रीतल्या त्या गादीपर्यंत पोहोचत असे. जबलपूरची सिव्हिल लाइन्स ही वस्ती इंग्रजी अंमलातली. तिथल्या कचेऱ्यांत मोहर इंग्रजीत उठू लागली आणि मराठी शिक्क्याचा कागद पुरावा म्हणून पुढे येऊ लागला.

पुरावा म्हणून त्याची सर्वांत कडक तपासणी मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनने केली. प्रत्येक इनामदाराने आपली सनद दाखवायची आणि ती खरी की बनावट हे कमिशनने ठरवायचे. ठरवण्याचे एक साधन शिक्का. शाहूराजे १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले आणि रामराजे गादीवर आले. साहजिकच रामराजांच्या नावाचा पेशवाई शिक्का असलेल्या कागदावर त्याआधीची तारीख असेल तर तो कागद खोटा. बनावट सनदा करणारे मोडी वळण हुबेहूब उतरवीत, पण कोणत्या साली कोणाचा शिक्का चालत होता हे त्यांना नेहमीच ठाऊक नसे. कमिशनचा हेतू इनामे कमी करण्याचा होता आणि त्याबद्दल दक्षिणेत मोठा असंतोष पसरला. तरी शिक्क्यांचे शास्त्र म्हणून जे काही आपल्याकडे उभे राहिले त्याचा पाया या अप्रिय चौकशीत आहे.

यानंतर संग्राहक आले. वि. का. राजवाडे वाड्यांच्या माळ्यांवरून आणि वाण्यांच्या दुकानांतून रद्दीत निघालेले कागद गोळा करत हिंडले. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, आणि ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. साताऱ्याचे द. ब. पारसनीस यांनी कागदांबरोबर चित्रे आणि वस्तूही जमवल्या. या मंडळींत एक खरा व्यापारीही होता. मुंबईचे शेठ पुरुषोत्तम विश्राम मावजी हे गुजराती धनिक. त्यांचा लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स हा छापखाना होता आणि ‘सुवर्णमाला’ हे सचित्र नियतकालिक त्यांनी काढले. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी पुण्याच्या सरकारी दफ्तरातून निवडलेले कागद मावजी आणि पारसनीस यांनी छापून प्रसिद्ध केले: १९०८ मध्ये कैफियती आणि यादी, १९१३ मध्ये सनदापत्रे, १९१४ मध्ये तह आणि करारमदार. मावजींच्या वस्तुसंग्रहात मेणवलीच्या नाना फडणीसांकडच्या काही वस्तूही होत्या. १९१५ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमने, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने, तो विकत घेतला. वांग छीशूशी तुलना करावी असा मराठी इतिहासाच्या परिसरातला हाच एक व्यापारी. दोघांनी पैसा लावला, दोघांनी विद्वानांना हाताशी धरले, दोघांचा संग्रह आज त्यांच्या ग्रंथांतून अधिक ओळखीचा आहे.

तुलना इथे थांबते. वांगच्या ग्रंथात ठसा हाच विषय आहे. त्याचा आकार, अक्षरांची जाडी, कडेची झीज, पांढरे आणि लाल यांचा तोल, हे सारे डोळ्यांपुढे येते. मराठी साधनग्रंथांत शिक्क्याच्या जागी बहुधा त्याचा मजकूर तेवढा एका चौकटीत छापलेला असतो, किंवा नुसता ‘शिक्का’, ‘मोर्तब’ असा शब्द. अष्टकोन, पिंपळपान, गोल, सगळे त्या एकाच चौकटीत बसवले गेले. छपाईच्या खर्चाचे कारण तेव्हा खरे होते. आता ते राहिलेले नाही, आणि पेशवे दफ्तरातले रुमाल अजून जाग्यावर आहेत. मराठी शिक्क्यांचा सचित्र, कालानुक्रमे लावलेला ठसेग्रंथ निघायला हवा. कोरणाऱ्यांची नावे आता मिळणार नसली तरी त्यांचा हात तरी त्यात दिसेल.